बोलावणं आणि बैठक

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष जवळ आला की आमच्यासारख्या दत्तसंप्रदायावर चार अक्षरं लिहिणाऱ्या माणसाकडे बोलावणी येऊ लागतात. कुठे जयंतीच्या सप्ताहात प्रवचन असतं, कुठे पोथीचं प्रकाशन, कुठे मंदिराचा वर्धापनदिन, तर कुठे नुसतंच ‘आपण या, दोन शब्द बोला, आम्हाला तेवढंच पुष्कळ.’ बोलावणारा दत्तभक्त असतो. त्याच्या बोलण्यात स्वार्थ नसतो, प्रेम असतं. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. वाईट गोष्टीला नाही म्हणायला फारसं बळ लागत नाही. दोन्ही बाजूंना चांगलंच उभं असेल तेव्हा काय निवडायचं, हा खरा पेच आहे. उतारवयातल्या लेखकाने लोकांत जावं की घरी बसून लिहावं? वरवर हा सोयीचा प्रश्न वाटतो. मला तो धर्माचा प्रश्न वाटतो, म्हणून या अंकात तो मांडतो आहे.

आधी रोकडा हिशेब सांगतो. माझं वय शहात्तर आहे. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालेलं आहे. पहाटेची पूजा आटोपल्यावर सात ते साडेनऊ एवढाच वेळ असा, की त्यात डोकं स्वच्छ असतं आणि हात थरथरत नाही. त्यात दोन पानं होतात. आता बघा, एका तासाच्या प्रवचनाला खरं तर तीन दिवस लागतात. आदल्या दिवशी तयारी, त्या दिवशी प्रवास, आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलेलं. तरुणपणी हा तिसरा दिवस लागत नव्हता. वर्षाला वीस बोलावणी घेतली तर साठ दिवस गेले, म्हणजे एकशे वीस पानं गेली. एक बेताचा ग्रंथ झाला तो! माझ्या टेबलावर अवधूताच्या चोवीस गुरूंवरचं लेखन पडलेलं आहे. एकादश स्कंधातला तो भाग आजच्या मुलांना समजेल अशा गद्यात उतरवायचा, एवढाच संकल्प आहे. चौदा गुरू झाले, दहा राहिले. पुढची वर्षं किती, हे दत्तमहाराजांना ठाऊक.

यात एक अन्याय दडलेला आहे, तो लक्षात घ्यायला हवा. बोलावणाऱ्याला तोंड असतं, ग्रंथाला नसतं. मंडळाचे कार्यकर्ते दोनदा फोन करतात, घरी येतात, ‘तुम्ही नाही म्हणालात तर गावाला काय सांगू?’ म्हणतात. राहिलेले दहा गुरू मात्र फोन करत नाहीत. उद्या जो मुलगा ते पुस्तक वाचणार आहे, तो कदाचित अजून शाळेतही जात नसेल. तो माझ्या दारात येऊन कसा उभा राहणार? ज्याला मागता येतं त्याला मिळतं आणि ज्याला मागता येत नाही तो मागे राहतो, ही जगाची रीत आहे. पण रीत आहे म्हणून ती न्याय ठरत नाही.

मग सरळ दार लावून का बसू नये? तसंही मन मानत नाही, आणि त्याला कारण आहे.

एका लहान गावात गुरुचरित्राच्या सप्ताहात बोलायला गेलो होतो. प्रवचन संपल्यावर एक बाई मागे थांबल्या. म्हणाल्या, “काका, सात दिवस मी सोवळ्यात वाचते. पण सासरे अंथरुणाला खिळलेत. त्यांचं सगळं मलाच करावं लागतं. मधे उठते, वाचन खंडतं. दोष लागतो का हो?” मी म्हटलं, “ताई, वाचन कुणासाठी थांबतं हे बघा. आळसासाठी थांबलं तर ते मोडलं. सेवेसाठी थांबलं तर ते वाचनच चालू आहे, फक्त पोथी बदलली.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा जाणवलं की हा प्रश्न घरी बसून मला सुचलाच नसता. नियम आणि सेवा यांच्या नात्यावर पुढे मी जे लिहिलं, त्याचं बीज त्या बाईंनी दिलं. लोकांत गेलं नाही तर लेखणीला पाणी मिळत नाही. नुसत्या कपाटातल्या पुस्तकांतून लिहिलेलं पुस्तक पुन्हा कपाटातच जातं.

आपल्या परंपरेकडे पाहिलं तर तिथेही एकच एक उत्तर नाही. अंबाजोगाईचे दासोपंत बघा. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, असं परंपरा सांगते. रोज एका ढब्बूची शाई त्यांना लागायची, अशी आख्यायिका आहे. त्यांची पासोडी तर प्रसिद्धच आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणासारखा गहन विषय लिहून काढला. एवढं लिहिणारा माणूस किती तास एका जागी बसला असेल, याचा नुसता विचार केला तरी आपल्या पाठीला कळ लागते. ही बैठकीची परंपरा.

दुसरीकडे पैठणचे नाथमहाराज. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य, म्हणजे दत्तपरंपरेतलेच. घर भरलेलं, दारात अतिथी, कीर्तन चालू, आणि त्यातच ग्रंथरचना. एकादश स्कंधावरच्या त्यांच्या टीकेत अवधूताचे चोवीस गुरू मराठीत भेटतात. पैठणला सुरू झालेला तो अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ काशीला १५७३ साली पूर्ण झाला. लोकांत राहून लिहिता येतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला? पण नाथांचं नाव घेऊन मी वीस बोलावणी घेतली तर ती माझीच फसवणूक ठरेल. त्यांना जे झेपलं ते मला झेपेलच असं नाही. संतांच्या उदाहरणातून दिशा घ्यायची असते, त्यांच्या शक्तीवर आपला हक्क सांगायचा नसतो.

तिसरं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. माणगावला १८५४ साली जन्मलेले आणि १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झालेले श्रीमद् वासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबेस्वामी. संन्यास घेतल्यावर ते पायी फिरले, पैशाला शिवले नाहीत, अर्धाअधिक भारत त्यांनी चालून काढला. आणि त्याच माणसाने संस्कृतात दत्तपुराण लिहिलं, मराठीत दत्तमाहात्म्य लिहिलं, गुरुचरित्राची सप्तशती केली, आणि स्तोत्रं तर किती! फिरणं आणि लिहिणं दोन्ही एका देहात कसं बसलं? याचं उत्तर शोधताना मला चातुर्मासाचा नियम महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात संन्याशाने एका जागी राहायचं. मूळ हेतू अहिंसेचा, पायाखाली जीवजंतू येऊ नयेत हा. पण त्या नियमाने फिरत्या माणसालाही वर्षातून एक बैठक दिली. कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे रोज नव्याने ठरवावं लागत नाही. पंचांग ठरवतं. नाही म्हणण्याचं ओझं माणसावर न टाकता ते नियमावर टाकलं, ही मला आपल्या पूर्वजांची मोठी शहाणीव वाटते.

आता थोडं नाजूक बोलायला हवं. बोलावण्याबरोबर मान येतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पत्रिकेवर नावाआधी दोन-तीन विशेषणं. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. म्हातारपणी तर जास्तच बरं वाटतं, कारण तोवर जग आपल्याला विसरू लागलेलं असतं. एखादा म्हणेल, मग जाऊच नका, म्हणजे अहंकार वाढणार नाही. पण गुरुचरित्रातले त्रिविक्रमभारती आठवा. कुमसीचे ते थोर यती. श्रीनृसिंहसरस्वती पालखीतून, वाजतगाजत जातात म्हणून त्यांना दांभिक म्हणू लागले. श्रीगुरू त्याच थाटात कुमसीला गेले, आणि त्रिविक्रमांना त्या लव्याजम्यातला प्रत्येकजण दंडधारी संन्यासी दिसू लागला. दोष पालखीत नव्हता, पाहणाऱ्याच्या मनात होता. यातून मी एवढंच घेतो, की मिरवणुकीला गेलं म्हणून माणूस हलका होत नाही आणि घरी बसला म्हणून मोठा होत नाही. ‘मी कुठेही जात नाही’ हे सांगण्यातही एक मिरवणूक असते. आणि लिहिण्यात अहंकार नाही असं कुणी सांगितलं? पुस्तकाच्या पाठीवर नाव छापलेलं असतंच की. तेव्हा अहंकार हा निकष लावून हा प्रश्न सुटणार नाही, कारण तो दोन्ही पारड्यांत सारखाच बसलेला आहे.

निकष वेगळा हवा, आणि तो मला त्या चोवीस गुरूंमध्येच सापडला.

बाण करणाऱ्या कारागिराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तो बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गढला होता की शेजारून राजाची मिरवणूक वाद्यं वाजवत गेली तरी त्याला कळलं नाही. लेखक मंडळींना हा गुरू फार आवडतो. मलाही आवडायचा. पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्या कारागिराने राजाला नाही म्हटलं नव्हतं. त्याला मिरवणूक दिसलीच नाही. आपल्याला दिसते, ऐकू येते, आणि नाही गेलो तर चुटपुट लागते. म्हणजे तो गुरू एकाग्रता कशी असते हे शिकवतो. जावं की जाऊ नये, या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नाही.

ते उत्तर आहे कुमारीकडे. तिच्या हातातली कांकणं एवढंच आपण लक्षात ठेवतो. कांडताना ती वाजू लागली म्हणून तिने एकेक काढत नेली, दोन उरली तरी वाजली, शेवटी एकेकच ठेवलं, आणि आवाज थांबला. अवधूताने त्यातून एकांत घेतला. बरोबर आहे. पण गोष्ट पुन्हा नीट वाचा. ती मुलगी कांडत का होती? तिला मागणी घालायला पाहुणे आले होते. घरातली वडीलधारी बाहेर गेलेली. तिने स्वतः पाहुण्यांचं आगतस्वागत केलं, त्यांना बसवलं, आणि मग त्यांच्याच जेवणासाठी आत जाऊन भात कांडायला घेतला. तिचा एकांत पाहुण्यांपासून पळण्यासाठी नव्हता. पाहुण्यांच्या पानात अन्न पडावं म्हणून होता!

हे ध्यानात आलं तेव्हा माझ्या मनातली एक गाठ सुटली. मी इतके दिवस दोन पारडी धरून बसलो होतो. एकीकडे लोक, दुसरीकडे माझं लेखन. जणू एक परोपकार आणि दुसरा स्वार्थ. खरं म्हणजे दोन्हीकडे लोकच आहेत. बाहेर बसलेले पाहुणे आणि आत शिजणारं अन्न, ही एकाच आतिथ्याची दोन अंगं आहेत. ती मुलगी बाहेरच बसून गोड बोलत राहिली असती तर पाहुणे खूश झाले असते, पण उपाशी उठले असते. आणि आल्यागेल्याला ‘या, बसा’ न म्हणता ती थेट मुसळ घेऊन बसली असती, तर ते अन्नही गोड लागलं नसतं. आधी स्वागत, मग कांडण. दोन्ही हवं. फक्त स्वागताला घटका पुरते आणि कांडायला प्रहर लागतो, हे प्रमाण चुकता कामा नये. माझं ते प्रमाण उलटं होऊ लागलं होतं, म्हणून जीव कासावीस व्हायचा.

स्वतः अवधूत काय करतात, तेही पाहण्यासारखं आहे. ते फिरत असतात. आपली श्रद्धाही हेच सांगते की दत्तमहाराज पहाटे काशीला स्नान करतात, दुपारी कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि रात्री माहूरला निजतात. देवच एवढा फिरतो तर भक्ताने घरी का बसावं, असं मला एकाने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. पण अवधूत फिरले ते शिकत, पृथ्वीपासून माशीपर्यंत सगळ्यांकडे पाहत. आणि बोलले कधी? यदुराजाने नम्रपणे, मनापासून विचारलं तेव्हा. समोर श्रोता एकच होता. त्या एकाला त्यांनी सगळं सांगितलं, हातचं राखलं नाही. सांगून झाल्यावर ते निघून गेले. मांडवात किती माणसं आहेत यावर त्या संवादाची किंमत ठरली नाही. विचारणारा होता, एवढंच पुरलं.

म्हणून आता बोलावणं आलं की मी मनाशी एकच विचारतो. तिथे यदु आहे का? म्हणजे कुणाला काही विचारायचं आहे का, की पत्रिकेवर एक नाव कमी पडतं आहे? जिथे दहा माणसं असतील पण ती पोथी उघडून बसलेली असतील, तिथे जावं. जिथे पाच हजार माणसं आहेत पण माझ्याऐवजी कुणीही बोललं तरी चालण्यासारखं आहे, तिथे दुसऱ्या कुणाला पाठवावं. आपल्याकडे तरुण अभ्यासक आहेत, चांगले बोलतात. आम्ही म्हातारे सगळी व्यासपीठं अडवून बसलो तर त्यांना बोलायला शिकायला कुठे मिळणार? माझी एक गैरहजेरी एखाद्या मुलीचं पहिलं प्रवचन ठरत असेल, तर त्या गैरहजेरीलाही सेवा म्हणायला हरकत नाही.

श्रीगुरूंच्या चरित्राचा शेवटचा भाग या दृष्टीने मी पुन्हा पुन्हा वाचतो. गाणगापूरला कीर्ती चहूकडे पसरली. बिदरचा बादशहाही दर्शन घेऊन गेला. त्यानंतर श्रीगुरूंनी गुप्त व्हायचं ठरवलं. भक्त व्याकूळ झाले. पण श्रीगुरूंनी त्यांना टाकलं नाही. पुष्पासनावरून निघून गेले आणि मागे प्रसादाची फुलं पाठवली. वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. देह समोर नाही, तरी आजही लाखो लोकांचं माथं तिथे टेकतं आणि त्यांना उत्तर मिळतं. आपण कुठे आणि ते कुठे, तुलनेचा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट त्यातून कळते. समोर असणं म्हणजेच उपस्थित असणं, असं नाही. माणूस दिसेनासा झाल्यावर मागे जे उरतं त्याने काम करावं, अशी व्यवस्था वेळेत करून ठेवणं हीसुद्धा लोकांची काळजीच आहे. लेखकाजवळ मागे ठेवण्यासारखं दुसरं काय असतं? वही.

एक विनंती संयोजकांना आणि घरच्यांनाही करायची आहे. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. गुरुवार त्यांनी दत्तसेवेसाठी राखून ठेवला होता, असं सांगतात. एकदा स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. तेव्हा कोवळ्या एकनाथांनी गुरूंना उठवलं नाही. गुरूंचा पोशाख अंगावर चढवला, लढाई केली, आणि परत येऊन शस्त्रं जागेवर ठेवली. आख्यायिका आहे. पण तिच्यातला भाव बघा. कुणाची तरी समाधी मोडू नये म्हणून दुसऱ्या कुणीतरी बाहेरचा गलबला अंगावर घेतला. माझ्या घरी सकाळच्या वेळी फोन उचलून ‘ते लिहिताहेत, दहानंतर करा’ म्हणणारी माणसं आहेत. त्या दोन पानांत त्यांचाही वाटा आहे. गावोगावच्या मंडळांनीही अशा एखाद्या लिहित्या माणसाला ‘यंदा येऊ नका, लिहा’ असं आपणहून सांगितलं, तर तो सत्कार शालीपेक्षा उबदार होईल.

नियम म्हणून मी आता काय ठरवलं आहे ते सांगून थांबतो. आषाढी ते कार्तिकी या काळात बैठक, त्यात कुठलंही बोलावणं घेणार नाही. उरलेल्या आठ महिन्यांत महिन्याला एकच गाव, आणि तेही जिथे प्रश्नोत्तराला निदान अर्धा तास असेल असं. सत्कार नको. तो वेळ श्रोत्यांना द्यावा. नाही म्हणायचं तेव्हा तब्येतीचं निमित्त सांगायचं नाही, खरं कारण सांगायचं, ‘लिखाण पुरं करायचं आहे.’ खोट्या सबबीने वाचवलेल्या वेळात दत्तमहाराजांबद्दल लिहायचं, हे मला पटत नाही. आणि नियम करतानाच एक खिडकीही उघडी ठेवली आहे. मरणाच्या दारातल्या माणसाने, शोकात बुडालेल्या घराने बोलावलं तर चातुर्मास असो की नसो, उठायचं. त्या बाईंना दिलेलं उत्तर मलाही लागू आहे. सेवेसाठी थांबलेलं लेखन मोडत नाही.

यामुळे काही मंडळी नाराज होतील, काही झालीही आहेत. त्याचं वाईट वाटतं. प्रत्येक निवडीत कुणालातरी आपण कमी पडतो. कुणाला कमी पडायचं हे आपण ठरवलं नाही, तर जो गप्प आहे त्यालाच आपण कायम कमी पडत राहतो, एवढं मात्र मला उमगलं आहे. दहा गुरू राहिले आहेत. महाराजांनी दोन चातुर्मास दिले तर पुरे होतील. नाही दिले, तर जेवढं कांडून झालं असेल तेवढं पाहुण्यांनी गोड मानून घ्यावं.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!